शिरा नको म्हणालो आणि...

माझं आणि गव्हाचं जमत नाही, ही गोष्ट आमच्या वडिलांनी, आप्पांनी, अजून मान्य केलेली नाही.

बेळगावच्या डॉक्टरांनी 'सिलिॲक' असं आजाराचं नाव सांगितलं. गव्हाचा कणही पोटात गेला की आतडं बिघडतं, तेव्हा गहू जन्मभर बंद. निपाणीला घरी आलो. आप्पांनी उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि म्हणाले, "आमी सगळी गहू खाऊनच वाढलो. कुनाला कायबी झालं न्हाय. ह्याला कालेजात घातला तवाच वाटलं हुतं, कायतरी घिऊन येनार ह्यो!"

(मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बी. एस्सी., रसायनशास्त्र, फर्स्ट क्लास. इथं सांगायची गरज नव्हती. पण मी सगळीकडे सांगतो.)

तर माझ्या धाकट्या बहिणीला, सुनीला, बेंगळूरहून स्थळ आलं. माणसं मूळची चिकोडीची. मुलगा प्रशांत तिकडं कंपनीत इंजिनियर, आई त्याच्याजवळच. फोनवर बोलून सुनी-प्रशांतचं जमलंच होतं. सुनी तर आताशा आमटी ढवळतानाही हसायची. राहिली होती फक्त मोठ्यांची बैठक. ती बेंगळूरच्या एका मोठ्या हॉटेलात, दुपारच्या जेवणाला ठरली.

हॉटेलच्या पायरीवर सुनीनं माझा हात धरला. "अण्णा, पाया पडते तुझ्या. आत पोटाचा विषय काढू नगंस."

"मी शिकलेला माणूस आहे, सुने."

"त्याचंच भ्या वाटालंय."

आत बसल्याबसल्या मी वेटरला कन्नडमध्ये तपासायला घेतलं. एकेका पदार्थावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, यात गहू आहे का?

"गहू नाही सार, मैदा."

"मैदा कशापासून होतो?"

"पाकिटातून येतो, सार."

मी त्याला गव्हाच्या दाण्याची रचना समजावून दिली. शेजारच्या दोन टेबलांनीही ऐकून घेतली. शेवटी इडली, भात आणि सांबार एवढंच मी मंजूर केलं. तांदूळ, उडीद, तूरडाळ! रसायनशास्त्रानं पास केलेलं जेवण! त्या आनंदात सांबाराच्या तीन वाट्या झाल्या.

जेवणं उरकली तशी प्रशांतच्या आईनं सगळ्यांना केशरी शिरा मागवला. बाई खूश होत्या. वाटी माझ्यासमोर सरकवून म्हणाल्या, "पोरास्नी एकमेकं पसंत हाईत. आता थोरल्या भावानं पयला घास घ्यावा, म्हंजे ठरलं."

आमच्याकडं हीच रीत. भावानं गोड खाल्लं की होकार. आणि शिरा म्हणजे रवा. रवा म्हणजे गहू.

"मला नको," मी म्हणालो.

टेबलावरचे सगळे चमचे जागच्या जागी थांबले.

"नको म्हंजे?" बाईंचा आवाज बदलला. "आमच्या पोरात काय खोट दिसली व्हय?"

"खोट माझ्यात आहे, मावशी. माझ्या आतड्यात," मी म्हणालो आणि समजावून सांगायला लागलो. लहान आतड्याची लांबी सांगितली, आतली लव सांगितली, गहू गेल्यावर पुढं काय-काय होतं तेही सांगितलं. (जेवणाच्या टेबलावर! होणाऱ्या विहीणबाईंना!)

बाईंनी आपली वाटी लांब सारली. मग हळूच विचारलं, "ह्ये घराण्यात हाय काय?"

आप्पा म्हणाले, "छ्या! कायतरीच!"

आता गप्प बसायचं की नाही? पण फर्स्ट क्लास गप्प बसत नाही. "असू शकतं, मावशी," मी म्हणालो. "भावंडांत तर शक्यता जास्तच."

टेबलाखालून सुनीची टाच माझ्या नडगीवर बसली. वर तिचे डोळे भरून आले होते. मला पहिल्यांदा कळलं की मी बहिणीचं लग्न मोडत बसलोय, आणि तेही अगदी बरोबर माहिती देऊन.

सुनीनं डोळे पुसले, माझी वाटी ओढली आणि शिरा खायला लागली. माझी वाटी संपवली, स्वतःची संपवली. मग बाईंची लांब सारलेली वाटी जवळ घेतली. "मावशी, मला काय हुईत न्हाय. रोज चार चपात्या खाते मी. तरीबी रगत तपासून घेते, मग तर झालं?"

प्रशांत फसकन हसला. "आई, तुझा शिरा गेला!"

बाई पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "जाऊ दे गं बाई. खानारी सूनच पायजे हुती मला." मग बडीशेपेच्या वाटीतले खडीसाखरेचे दोन खडे त्यांनी माझ्या हातावर ठेवले. "ह्यात तर गहू न्हाय न्हवं? खावा आता, भाऊ."

मी खडे तोंडात टाकले. ठरलं! आणि त्याच क्षणी माझ्या पोटातून लांबचा गडगडाट ऐकू आला.

मी संडासाकडं पळालो.

(सांबारात हिंग असतो. बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं. आईच्या हिंगाच्या डबीवर तसं छापलेलं आहे, हे मी नंतर वाचलं. वाचायला येत असूनही.)

सुनीचं रक्त तपासलं, ती ठणठणीत निघाली. लग्नही थाटात झालं. बैठकीचा फोटो तिनं आमच्या निपाणीच्या दिवाणखान्यात लावलाय. सगळे हसतायत आणि मध्ये एक रिकामी खुर्ची, पुढ्यात सांबाराच्या तीन वाट्या. कुणी पाहुणा विचारतोच, "थोरला भाऊ आला नव्हता काय?"

आप्पा शांतपणे सांगतात, "आलता की! लई शिकल्याला हाय त्यो. सगळी बाहेर फोटो काढालती, ह्यो आत परीक्षेला बसलाता."