लापशी खाऊन बसलेलं मशीन

रणजीतबद्दल सांगायचं तर आधी त्याच्या मशीनचा वास सांगावा लागतो. पेंड सडली, तिच्यात पाल मेली आणि वरून कुणी रॉकेल शिंपडलं, असा तो वास. हिंगोलीच्या कुठल्याशा कचेरीनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर त्यानं पोत्यात बांधून जीपच्या टपावरून आणला, तेव्हा टपावरची माणसं आमच्या तांड्याजवळचं गोरेगाव यायच्या आधीच उतरून पायी निघाली. आम्हाला वाटलं, पोरानं मेलेलं जनावर आणलं.

रणजीत माझ्या धाकट्या भावाचा पोरगा. भाऊ लवकर गेला. घरात हा आणि आई मिराबाई. गोरेगावात मोटार रिवायंडिंगच्या दुकानात तो कामाला होता. विहिरीवरची जळालेली मोटार याच्या हातात दिली की चार दिवसांत पाणी ओढायची. हात चांगला, पण तोंडाला लगाम नाही. त्या तोंडानंच सगळा घोळ केला.

सेनगावकडच्या एका तांड्यावरच्या भावसिंगच्या पोरीशी, निताशी, त्याच्या लग्नाचं बोलणं चाललं होतं. निताचा भाऊ धनसिंग हिंगोलीत सायबर कॅफेवर बसायचा. डोक्याला चिकट काहीतरी लावलेलं आणि गालात कायम पुडी. त्यानं विचारलं, "कॉम्प्युटर घेतला म्हणं. काय करून राहिले त्याच्यावर?"

"गेमचे नकाशे बनवतो," रणजीत म्हणाला. तोवर त्यानं एकही बनवला नव्हता.

"कशाचा बनवला?"

"आमच्या तांड्याचा."

"मंग दसरा झाला की घर पाहायला येतो, तवा दाखवा. नुसते गेम खेळणारे रिकामटेकडे माझ्याकडं पायलीचे पन्नास बसतात. तसल्याला बहीण देत न्हाई मी."

गेम रणगाड्यांचा. त्याच्या सीडीतच नकाशे बनवायचा एक प्रोग्राम होता, त्याला एडिटर म्हणायचे. त्यात जमीन उंच-खोल करायची, घरं-झाडं बसवायची आणि मग त्यातून रणगाडा हिंडवायचा. मोठ्या माणसांचा भातुकलीचा खेळ, दुसरं काय. पण रणजीतच्या मशीनवर तो एडिटर उघडला की पाटी यायची, मशीन जुनं आहे, चालणार नाही.

मी म्हणालो, "ते मशीनच सांगून राहिलं. सोड नाद."

"काका, जळकी मोटार कवा म्हणती का, मी चालते म्हणून? तिला चालवावं लागतं."

त्यानं काय काय केलं ते मला अर्धंच कळलं. एडिटर एक फाईल मागायचा. रणजीत सेनगावच्या कॉम्प्युटर क्लासातून ती फ्लॉपीवर घालून आणायचा. मग एडिटर दुसरी मागायचा. पुन्हा जीप. हुंडा मागणारा जावई बरा, त्याच्या मागण्याला शेवट असतो. क्लासवाला तर याला लांबून पाहून दार ओढून घ्यायला लागला. शेवटी एकदाचा एडिटर उघडला, तर त्याची खिडकी पडद्यापेक्षा मोठी. नकाशा जपून ठेवायचं बटण पडद्याच्या बाहेर कुठंतरी पडलेलं. सकाळभर तांडा मांडायचा आणि लाईट गेली की सगळं साफ. माझं डोकं उठलं. पण पठ्ठ्यानं कीबोर्डवर चाचपून चाचपून ते न दिसणारं बटण दाबायची रीत शोधली. अंधारात बैल दावणीला बांधतात तसं.

एवढं जमलं आणि खंडेनवमी आली. त्या दिवशी आम्ही हत्यारं-अवजारं पूजतो. रणजीत दुकानातल्या पूजेला गेलेला. मिराबाईनं विळा, कुऱ्हाड, कुळवाची पास धुऊन मांडली आणि मशीनलाही कुंकू लावलं. लावता लावता बटण दाबलं गेलं आणि सीडी ठेवायचा गोल खळग्याचा कप्पा बाहेर आला. माउलीनं त्याच्यात तूप सोडून गरम लापशी वाढली, हात जोडले आणि कप्पा आत ढकलला. कुणाला काही बोलली नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी भिंतीवरून मुंग्यांची रांग लागलेली दिसली. रणजीतनं मशीन उघडलं आणि मी तिथं उगाच वाकून पाहिलं. तुपात माखलेल्या मुंग्या, गुळाचा काळा चिकटा, झुरळाचे पंख आणि एका कोपऱ्यात आधीपासूनची पालीची अंडी. एक अंडं फुटलेलं. मी बाहेर जाऊन चूळ भरली. त्या वर्षापासून लापशी माझ्या घशाखाली उतरत नाही.

"आई, हे काय केलं तू?"

"त्यानं ताटली पुढं केली. सणाच्या दिवशी उपाशी ठेवू काय?"

"ती ताटली न्हाई."

"मंग गोल काहून हाय?"

बाकीचं मशीन वाचलं, पण सीडी वाचणारा ड्राईव्ह गेला, आणि आत सीडी नसली तर ना गेम चाले ना एडिटर. पाहुणे तर यायचे होते. जास्तीचा ड्राईव्ह कुणाकडं, तर धनसिंगकडं. गेलो आम्ही दोघं हिंगोलीला. वाटेत मी त्याला बजावलं, जळाला म्हण.

"काहून पाहिजे? जळाला?" धनसिंगनं विचारलं.

"न्हाई. आईनं नैवेद्य दाखवला."

धनसिंग एवढा हसला की पुडीची लाळ त्याच्या शर्टावर आली आणि तीच त्यानं हातानं पुसली. तोच हात माझ्या खांद्यावर ठेवून म्हणाला, "मीच घेऊन येतो, बाबांसंगं."

पाहुणे आले. तांड्याचे नायक बसले, चार माणसं जमली. धनसिंगनं नाक धरून ड्राईव्ह बसवला आणि नकाशा उघडला. तांडा खरोखर होता. देवळाचा पांढरा झेंडा, हातपंप, बाभळी. माझं घर मात्र खुराड्याएवढं. धनसिंगनं गोरेगावच्या रस्त्यानं रणगाडा आणला आणि तांड्याच्या तोंडाशी तो पाण्यात गेला. मागं येईना, पुढं जाईना.

"इथं एवढा नाला हाय?" भावसिंग म्हणाले. "येताना तर घोटाबी भिजला न्हाई."

मी घाईनं म्हणालो, "खेळातलं पाणी हो पाहुणे. मजा यावी म्हणून खोल केलंय."

"न्हाई मामा," रणजीत म्हणाला. "आषाढात एवढंच असतं. जीप बंद, एसटी बंद. आजारी माणूस खाटेवर न्यावा लागतो."

"पूल?"

"न्हाई."

एवढ्या फायली गोळा केल्या, मुंग्या वेचल्या, आणि बेट्यानं नकाशात काढला काय तर नाला. मला त्याचं तोंड पाहवेना.

"उठा बाबा," धनसिंग म्हणाला. "एक तर नाला. वरून हे लोक मशीनला लापशी चारतात."

भावसिंग बसूनच राहिले. "मशीनला चारतात, मंग तुझ्या बहिणीला उपाशी तर ठेवणार न्हाईत." मग रणजीतकडं वळले. "पोरगी देतो. पण मृग लागायच्या आधी दरसाल माहेरी आणून सोडायची, पाणी उतरलं की न्यायची. नायकासमोर बोला."

मिराबाईनं तोंड उघडलं होतं, पेरणीला मग सून कुठली. त्याआधीच रणजीत म्हणाला, "कबूल."

लग्न झालं. पूल काही झाला नाही. दर पावसाळ्यात निता सेनगावकडं असते आणि हा गडी आईची कुरकुर चुकवून, तोंड पाडून माझ्याकडं जेवायला. जेवताना एडिटरशिवाय दुसरं बोलणं नाही. परवा वैतागून म्हणालो, अरे, त्या नकाशात तरी पूल बांध.

"बांधता येतो काका," तो म्हणाला. "पण पूल असलेला नवा एडिटर या मशीनवर चालत न्हाई."