ऑइलमधली चकाकी

मागच्या शनिवारी गाडीचं ऑइल बदलायला धनकवडीच्या गॅरेजमध्ये गेले होते. तेव्हा जे डोकं तापलंय ते अजून थंड झालेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

ही माझी स्वतःची पहिली गाडी. घर कात्रजला, नोकरी खेड शिवापूरच्या बाजूला. कंपनीची बस बंद झाली म्हणून चाळिशीत ड्रायव्हिंग शिकले आणि दोन-तीन महिन्यांपूर्वी ही सेकंड हँड गाडी घेतली.

घेतली तीही परक्याकडून नाही… आमच्याच सोसायटीतल्या, समोरच्या विंगमधल्या काकांकडून. मीटिंगमध्ये तत्त्वांवर बोलायला उठले की खाली बसतच नाहीत, असे हे काका. 'घरचीच गाडी आहे, घरातच राहील,' म्हणाले. काकूंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, मला पेढा भरवला आणि मी खुळी दोघांच्या पाया पडले!

सकाळी गाडी सुरू केली की आतून टकटक असा आवाज यायचा. काकांना विचारलं तर म्हणाले, 'अगं, डिझेल गाडी आहे. ती काय बासरी वाजवणार?' मला तेव्हा हसू आलं होतं.

तर शनिवारी गॅरेजवाल्याने खालचा नट काढला आणि काळं ऑइल ट्रेमध्ये उतरलं. त्याने ट्रे उन्हात सरकवला आणि मला हाक मारली… ऑइलवर चंदेरी चकाकी पसरलेली, बर्फीवर वर्ख असतो ना, तशी. फिल्टर कापला तर त्याच्या घड्यांमध्ये धातूचा बारीक कीस. बोटावर घेतला, तर चक्क टोचला.

तो म्हणाला, "मॅडम, इंजिन आतून झिजतंय. आणि हे ऑइल पण मुद्दाम जाड टाकलंय कुणीतरी, आवाज दबावा म्हणून."

मी घेतल्यापासून ऑइलला हातही लावला नव्हता. 'कालच सर्व्हिसिंग करून आणलीये' असं गाडी देताना काकांनीच मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं. म्हणजे हे कुणीतरी कोण, ते कळायला मला फार वेळ लागला नाही.

आता काय होईल, विचारलं. तर म्हणे, चालता चालता इंजिन जाम होईल, कधी ते सांगता येत नाही. मला एकदम कात्रजच्या नव्या बोगद्यानंतरचा तो अपघातांचा उतार दिसला… पुणेकरांना त्याबद्दल वेगळं सांगायला नको. रोज संध्याकाळी मी तिथूनच घरी येते, मागे माल भरलेले ट्रक घेऊन.

आणि यावर गॅरेजवाल्याचा सल्ला काय? "परत जाड ऑइल टाकून देऊ का? काही महिने काढंल. तेवढ्यात देऊन टाका कुणाला तरी."

मी नेहमीचंच ऑइल भरायला लावलं, कापलेला फिल्टर मागून घेतला, तो कीस कागदात बांधला आणि तडक काकांचं दार वाजवलं. काकांनी शांतपणे चष्मा लावला, पुडी उघडून पाहिली आणि म्हणाले, "एवढ्यात कळलं होय?"

एवढ्यात कळलं! म्हणजे सगळं ठाऊक होतं. वर मलाच समजावतात, "अगं, मलाही अशीच कुणीतरी गळ्यात मारली होती. दसऱ्याच्या आधी काढून टाक, तेव्हा गिऱ्हाईक असतं. तोवर उतारावर जरा सांभाळून."

मी विचारलं, "काका, माझ्या जागी तुमची मुलगी असती तर?"

तर माणूस अगदी सहज म्हणाला, "तिला कशाला दिली असती?"

पुढे मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत, एवढं सांगते.

घरी नवरा म्हणाला, "आपणही देऊन टाकू ना. सगळं सांगायलाच हवं का?" हप्ते अजून चालू आहेत, त्यामुळे मोह मलाही झाला, खोटं कशाला बोलू… पण गाडी घेणारा कुठल्या उतारावरून जाणार आहे, हे मला कुठे माहीत होतं? जाहिरात टाकली, पण आलेल्याला सगळं सांगायचं असं ठरवूनच.

दुसऱ्या दिवशी हडपसरहून एक जोडपं आलं, सोबत बाईंचा भाऊ. गाडी तिघांनाही आवडली. बोलत होता फक्त भाऊ, बाई नुसत्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या होत्या. मी कापलेला फिल्टर आणून दाखवला, इंजिनचं जे आहे ते सांगितलं.

तर भाऊसाहेब दोन पावलं मागे सरकले! "मॅडम, इतकं खरं कुणी सांगतं का? अजून काहीतरी मोठं लपवताय तुम्ही." म्हणजे बघा, पेढा भरवून गळा कापणाऱ्याच्या पाया पडायचं आणि खरं बोलणाऱ्याकडे चोर म्हणून बघायचं. मी म्हटलं, "बरोबर आहे आपलं, या आता." ते तरातरा निघून गेले.

संतापाने मी तो फिल्टर पिशवीत कोंबत होते. तेवढ्यात गेटपाशी गेलेल्या त्या बाई एकट्याच परत आल्या. रुमाल राहिला म्हणाल्या. रुमाल वगैरे काही नव्हता… त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "ताई, गाडी मीच चालवणार होते. आमच्यात दुसऱ्या कुणाला येत नाही."

एवढं बोलून गेल्यासुद्धा. माझा राग काही गेला नाही, पण रडू मात्र आलं.

इंजिन उघडून नीट होईपर्यंत गाडी पार्किंगमधून हलणार नाही. सध्या मी पीएमपीच्या बसने जाते, बहुतेक वेळा उभ्याने, आणि एका माणसाच्या नावाने रोज बोटं मोडते.

त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बाई गं, हे वाचत असलीस तर ऐक… पुढची गाडी घेताना आधी ऑइल काढून उन्हात बघ. आणि विकणारा 'घरचाच' असला, तर दोनदा बघ.