जीनमधला बिघाड

तमाम जनतेस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, घराण्याचा आमच्या थोरल्या साडूंइतका अभिमान असलेला माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा नाही. त्यांची म्हैस भरपूर दूध देते ती घराण्यामुळे, आणि लाथ मारते तीही घराण्यामुळेच. एकदा औंढ्याच्या रस्त्यावर एसटी बंद पडली, तर हे ड्रायव्हरलाच धीर देऊ लागले, "घाबरू नका, आमच्या घराण्यातला कोणीबी आजवर रस्त्यात राहिला न्हाई!"

दुःख एकच. एकुलती एक लेक, पण नाक, डोळे, हसणं, सगळं आईचं. "पोरगी आईवर गेली," हे बारशापासून लग्नापर्यंत ऐकून त्यांचे कान किटले होते. "आमचं म्हणून काहीच न्हाई का हो तिच्यात, साडूभाऊ?" असं मला दर सणाला विचारायचे आणि त्या दुःखात पुरणपोळीवर वाटीभर गुळवणी ओतून घ्यायचे.

लेक पाचव्या महिन्यात माहेरी आली आणि तपासणीत साखर निघाली. अंगाने तर काडी. म्हणून डॉक्टरीणबाईंना शंका आली. "ही नेहमीची साखर वाटत नाही. तुमच्या जीनमध्येच बिघाड असेल. तपासावं लागेल."

साडू ताडकन उठले. उभा जन्म कापसातली सरकी काढणाऱ्या जीनवर मुकादमी केलेला माणूस! "माह्या जीनमधी बिघाड? अहो बाई, सरकी एकीकडं, रुई एकीकडं, काम एकदम बराबर! कोण सांगून राहिलं तुमाला?"

"काका, ही जीन रक्तातली. आईबापाकडून लेकराकडे येते. घरात कोणाला साखर आहे का?"

"आमच्या घराण्यात? न्हाई!"

मी छताकडे पाहू लागलो. कळमनुरीच्या बाजारात एका शिबिरात यांची साखर निघाली होती, तेव्हा यांनी मशीनच नापास केलं होतं.

लेक पदराचं टोक पिळत हळूच म्हणाली, "बाबा, मला रोज सुई टोचावी लागंल का? लेकराला काही होणार न्हाई ना?"

साडूंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि सदऱ्याची बाही वर केली. "घ्या रक्त. माह्यात हाय साखर. लई दिवसांची हाय."

रिपोर्ट येईपर्यंत त्यांनी गुळवणीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. येता-जाता मला विचारायचे, "निघाली का हो सरकी?"

निघाली. "दोघांच्याही जीनमध्ये तोच बिघाड आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वडिलांकडूनच आलाय. पण सौम्य प्रकार आहे. सध्या सुई नको, बाळाच्या वाढीवर लक्ष ठेवू." लेक रडता रडता हसली, थेट आईसारखी.

घराण्याला बट्टा लागला म्हणून साडू आता खचणार, या तयारीने मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते त्या कागदावरून बोट फिरवत होते. वाचता येत नव्हतं त्यातलं काही, तरी बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. मग बाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ते ओरडले, "म्हंजे... पोरगी माह्यावर गेली!"