विनातिकीट वच्छलाबाई

एसटीच्या तिकीट तपासनिसाला लोक यमासारखे भितात, पण बशीर शेखला चंद्रपूर-कोरपना रस्त्यावर कोणी भीत नसे. तो आधी पेरणीपाण्याची विचारपूस करायचा, मग तिकीट मागायचा. दंडातून सोडायचा मात्र कोणालाच नाही. तरी दंड भरलेला माणूस उतरताना त्याला रामराम घालूनच जाई. बशीरची सगळी मिजास त्या रामरामावर होती. बढती हुकली, केस गेले, बायको खैरुन ऐकेनाशी झाली; रामराम कधी चुकला नाही.

त्याचं इंगित पावतीत होतं. हातानं लिहायच्या पावतीवर ‘कारण’ म्हणून जागा असे. तिथं बशीर आपल्या गोल अक्षरात माणसाची लाज राखून लिही: डोळा लागला. गर्दीत वाहक पोचला नाही. पैसे भरावेच लागत, पण अब्रू शाबूत राही.

मग यंत्र आलं. कमरेच्या पट्ट्याला लटकणारं, तळहातात मावणारं. नाव टाका, बटण दाबा, कर्रकर्र करत पावती बाहेर. कारण यंत्र स्वतःच छापायचं, ‘विनातिकीट प्रवास’, तेही ठसठशीत.

“साहेब, याच्यात दुसरं कारण कुठी आहे?” बशीरनं विचारलं.

“दुसरं कारण असते काय?” साहेब म्हणाले, आणि चहा मागवला.

यंत्र घेऊन बशीर पहिल्यांदा गाडीत चढला तेव्हा थंडीचे दिवस होते. मधल्या बाकावर गुणवंतराव ठेंगणे, त्यांची बायको वच्छलाबाई आणि पाहुणी आलेली नणंद असे तिघं बसले होते. गुणवंतरावांनी आधार कार्ड आणि एक तिकीट मोठ्या तोऱ्यात पुढं केलं.

“अन या दोघींचं?”

“हेच तं हाय. बायांले हाफ हाय ना? एक हाफ हे, एक हाफ ते, झालं एक फुल. माही पंच्याहत्तरी झाली, मले फुकट.”

हिशोबात पैशाचीही खोट नव्हती. पण तिकीट एक आणि बाया दोन. बशीरनं वाहकाकडं पाहिलं.

“यायनं एक फुल मांगतलं, मी देल्लं,” वाहक म्हणाला. “मले वाटलं, कोण्या माणसाचं असन.”

गाडीत हशा पिकला. दंड तर टळणार नव्हता. मग नाव कोणाचं टाकायचं? नणंद म्हणाली माझं, वच्छलाबाई म्हणाल्या, पाव्हणीचं नाव कसं टाकता, माहं टाका. जेवणाच्या पंगतीत आग्रह चालावा तशी दोघींची ओढाताण झाली आणि वच्छलाबाई जिंकल्या. त्या हसतच होत्या. कर्रकर्र झालं, पावती हातात आली, आणि त्यांनी ती अक्षर लावून वाचली.

हसू मावळलं.

“भाऊ, दंड घेतला तं घेतला. पण मी फुकटी आहो काय? हे आखर काढा.”

“बाई, मशीनचं आहे. निघत नाई.”

कोरपन्याला तिघं उतरले. सवयीनं गुणवंतरावांचा हात रामरामासाठी वर गेला. बायकोनं डोळे वटारले, तसा तो हात कान खाजवायला वळला. बशीरला फार लागलं. त्या दिवशी त्यानं भरलेलं ताट पुढं सारलं. “एका रामरामापायी भाजीवर काऊन राग काढता?” असं म्हणून खैरुननं त्याच्या ताटातली भाजी स्वतः संपवली.

पुढं मे महिना आला. चंद्रपूरचं ऊन ते. डांबरावर चप्पल चिकटावी असं. कोरपन्याच्या स्टँडवर कडुलिंबाखाली बशीर उभा होता, तर समोरून वच्छलाबाई, मागं गुणवंतराव. बशीरला पळावंसं वाटलं. बाईंनी पदराची गाठ सोडून एक सुरकुतलेला कागद त्याच्या हातावर ठेवला. दोन्हीकडून कोरा.

“हे काय, बाई?”

“तुमची पावती. मिरच्यांसंगं टिनावर वाळू घातली होती. वरचं आखर सारं उनानं खाल्लं.”

यंत्राच्या कागदाला ऊन सोसत नाही, हे बशीरला ठाऊक होतं. पण त्याचा असा उपयोग त्याला कधी सुचला नव्हता.

“आता लिवा तुमच्या हातानं,” बाई म्हणाल्या. “पहिले लिवत होते तसं.”

खिशातला पेन यंत्र आल्यापासून नुसता मिरवायला होता. तो दोनदा झटकावा लागला. बशीरनं गुडघ्यावर कागद धरून गोल अक्षरात लिहिलं: ‘हिशोब बरोबर, तिकीट कमी.’ खाली सही केली.

बाईंनी अक्षर लावून वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं. घडी घालून पदराला गाठ मारली.

“रामराम, बशीरभाऊ.”

“रामराम, रामराम,” मागून गुणवंतराव एवढ्या जोरात म्हणाले की चहावाल्यानं मान वर केली. थंडीपासून बिचाऱ्यांनी तो आत दाबून धरला होता.

बशीरनं हात जोडले. कमरेचं यंत्र पोटावर आलं होतं, ते त्यानं मागं सारलं आणि मग नीट वाकून रामराम घातला.