विष सापडलं नाही

गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. कागदावर मी कंपाउंडरचा मदतनीस होतो. खरं काम मागच्या पत्र्याच्या खोलीत, प्रेतं तपासायची तिथं. डॉक्टर तपासत, मी हाताशी उभा राही, आणि विषाचा संशय असला की पोटातले अवयव नागपूरच्या सरकारी प्रयोगशाळेसाठी बाटल्यांत भरून देई. पगार बावीस रुपये. धान पिकवणाऱ्या माझ्या भावाला तो फार वाटे, मला बाजारात गेलं की कमी वाटे.

हे काम कोणी शिकवलं नाही, बघून बघून आलं. रुंद तोंडाची बाटली उकळून घ्यायची. पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत घालत राहायचं. बाटली काठोकाठ भरायची नाही, नाहीतर उन्हात बूच उडतं. त्याच मिठाची एक पुडी वेगळी बांधून पाठवायची, म्हणजे विष मिठातच होतं असं कोर्टात कोणी म्हणू नये. मग कापड, सुतळी, लाख, शिक्का. मला ते नीट जमे. जमे म्हणूनच त्या खोलीतून सुटका होत नव्हती.

लढाईची वर्षं होती. उन्हाळ्यात तिरोड्याकडच्या एका गावातून बैलगाडीत एका शेतकऱ्याचं प्रेत आलं. आदल्या रात्री जेवला, उलट्या-जुलाब लागले, सकाळी गेला. त्याची ही दुसरी बायको, वयानं बरीच लहान. थोरल्या दिरानं ठाण्यात सांगितलं होतं की हिनं भाजीत काहीतरी कालवलं. गाडीमागून ती शिपायासोबत पायी चालत आली होती.

डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "मला तर पटकीच वाटते. पण तक्रार झाली आहे, पाठवावं लागेल."

मी बाटल्या भरल्या. शिपाई नवखा होता म्हणून पेटीसोबत मलाही धाडलं. पॅसेंजरमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसलो, तर समोरचा धानाचा व्यापारी म्हणाला, "अचार है क्या, भैया?"

"हाँ," शिपाई म्हणाला.

पूर्वी अशा वेळी मला हसू यायचं. त्या दिवशी मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

अहवाल यायला पावसाळा सरला. तोवर ती कच्च्या कैदेत होती. पाठवलेल्या अवयवांत विष सापडलं नाही, एवढंच उत्तर आलं आणि तिला सोडून दिलं. थोड्याच दिवसांत ती दवाखान्याच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"बाटल्या तुमीच भरल्या ना, भाऊ?"

"हो."

"मंग गावात येऊन सांगा. मले घरात घेऊन नाही राहिले."

"ते सांगणं डॉक्टरांचं काम."

"डाक्टर येतीन का?"

डॉक्टर येणार नव्हते. पटकीनं गेला असं लिहून तरी द्याल का, म्हणून मी विचारलं. "आता कशाच्या आधारावर लिहू?" ते म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं.

रविवारी मी तिच्यासोबत गेलो. दिराच्या ओसरीवर चार माणसं जमली होती. मला पाणी दिलं, चटई टाकली. ती गोठ्यापाशी उभी राहिली. मी सगळं सांगितलं. दीर खाली मान घालून ऐकत होता. भाऊ गेल्याचं दुःख त्याला खरंच होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"सापडलं नाही म्हंता," तो म्हणाला. "नव्हतंच, असं लिवलं का?"

"तसं लिहीत नाहीत. शोधलं ते मिळालं नाही, एवढंच लिहितात."

"मंग झालं तर."

बाजूचा म्हातारा म्हणाला, "जंगलातल्या जडीबुटी नागपूरवाल्याले कायले ठाऊक रायतीन?"

"पटकी होती," मी म्हणालो. "मी स्वतः पाहिलं आहे."

"तुमी डाक्टर आहा का?"

"नाही."

थोड्या वेळानं दिराच्या बायकोनं तिचं लुगडं, गोधडी आणि लोटा आणून अंगणात ठेवला. भांडण नाही, शिव्या नाहीत. तिनं सामानाचं गाठोडं बांधलं आणि आम्ही स्टेशनची वाट धरली. दोन्ही बाजूंना धान कापणं चाललं होतं. ओळखीच्या बायका वाकलेल्या होत्या, त्यांतली एकही उभी राहिली नाही. मला फार थकवा आला होता. नुसतं चालण्यानं तेवढा येत नाही.

"काऊन गप्प होऊन गेले, भाऊ?" ती म्हणाली. "तुमी आले, बोलले. बाकीचं तुमच्या हातात नोहोतं."

गोंदियात तिची मावसबहीण विड्या वळायची. गाडीतून उतरल्यावर मी तिला त्या मोहल्ल्याचा रस्ता दाखवला आणि घरी गेलो. बायकोनं विचारलं, काय झालं. काही नाही, म्हणालो, आणि न जेवता निजलो.

पुढं ती बाजारात कधीमधी दिसे, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं. एकदा मी थांबलो.

"बरी आहेस ना?"

"आहो," ती म्हणाली. वळून होत आलेली विडी तिनं दोऱ्यानं बांधली आणि दुसरं पान घेतलं.