सुटकेसच्या दुकानाबाहेरचं स्टूल

ओमानमधल्या हमरियात पंचवीस वर्षं बटणं-दोऱ्यांचं दुकान चालवून मी एकच नाव कमावलं होतं: खडूस. नमाजला जातायेता मी कुणाकडे मान वर करून बघत नसे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी मी वाटेतल्या दुकानांपुढे थांबून भाव विचारू लागलो, तेव्हा गल्लीला वाटलं, म्हाताऱ्याला उशिरा का होईना, माणुसकी सुचली.

खरं कारण माझी उजवी पोटरी होती. शंभरेक पावलं झाली की ती पिळून काढल्यासारखी दुखायची, दोन मिनिटं उभं राहिलं की शांत व्हायची. चालवत नाही हे चारचौघांत कबूल करण्यापेक्षा प्रेशर कुकरचा भाव विचारलेला बरा! पुढचा थांबा सुटकेसच्या दुकानाशी. तिथला केरळी दुकानदार मला रोज त्याच निळ्या सुटकेसचा तोच भाव सांगायचा. काही दिवसांनी दारात एक प्लास्टिकचं स्टूल आलं. गिऱ्हाइकांसाठी असेल म्हणून मी त्यावर टेकायला लागलो.

ही बातमी बायकोपर्यंत गेली. मी उगाच भाव विचारणारा माणूस नव्हे, हे तिला पक्कं ठाऊक.

"सुटकेस कशाला बघताव? मला टाकून कुठं चाललाव काय?" असं म्हणत तिने माझी लंगडती चाल बघितली आणि मला मोजे काढायला लावले. अंगठ्याची जखम महिनाभर भरत नव्हती आणि मी ती लपवली होती. ओरडण्याऐवजी तिने सरळ टॅक्सी बोलावली. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

इस्पितळात एका तरुण ओमानी डॉक्टरबाईंनी दंडाचा आणि मग घोट्याचा रक्तदाब मोजला. घोट्याचा फारच कमी निघाला. मांडीतली रक्तवाहिनी आतून बुजत आली होती. माझ्या मामांचा पाय असाच गुडघ्यापासून गेला होता. माझाही जाणार का, असं मी विचारलं. वेळेत आलात, वाचवू, इन्शाल्ला, असं त्या म्हणाल्या. त्यांनी जांघेतून बारीक तार घालून, फुगा फुगवून रक्ताची वाट मोकळी केली. मग हुकूम सुटला: सिगारेट खलास, साखर बंद, आणि रोज चालायचं. दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. थांबत चालण्यात माझा हात कोण धरणार होतं?

सिगारेटवाचून महिनाभर मी सगळ्यांवर खेकसत होतो. जखम बायको रोज बघायची. एके सकाळी "भरली" म्हणाली आणि माझा पाय धरूनच रडली.

पुढे हळूहळू एकेक थांबा सुटत गेला. एका दुपारी मशिदीतून निघालो तो थेट माझ्या दुकानात. असा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

संध्याकाळी केरळी दुकानदार आला. "चाचा, अब वो स्टूल अंदर रख दूँ?"

"मुझे क्यों पूछता है?"

"आपके लिए ही तो लाया था. खड़े-खड़े तकलीफ होती थी न."

म्हणजे याला सगळं ठाऊक होतं, आणि तरी रोज भाव सांगत राहिला होता. "रहने दे बाहर," एवढंच म्हटलं, आणि त्याच्याबरोबर गेलो. त्याने बिनसाखरेचा चहा मागवला. पाय अजिबात दुखत नव्हता, तरी चहा संपेपर्यंत मी त्या स्टुलावर बसून राहिलो.