सहाव्या कलमाचं पारायण

झुंबरबाईंना वहीचं भारी वेड. लग्न झाल्यापासून रोज एक पान भरायचं: वर 'श्री अंबाबाई प्रसन्न', खाली उपवास, पाहुणे, कोण काय बोललं. घरात कुणी काही विचारलं की बाई वहीत बघून सांगत आणि तरी चुकत. एवढ्या नेमानं चुकणारी बाई कोल्हापुरात दुसरी नसावी, असं त्यांचं त्यांनाच वाटे.

२००७ साली, वडील गेल्यावर सहा महिन्यांनी थोरल्या भावाचा, हंबीररावांचा, कागलहून निरोप आला. "गुरुवारी हक्कसोडपत्र घेऊन येतो." म्हणजे वडिलोपार्जित जमिनीतला वाटा सोडला, असं बहिणीनं लिहून द्यायचं. सगळ्याच बहिणी देतात. यांनीही दिलं असतं. पण सोडायचं ते आहे तरी काय, एवढं वहीत असावं म्हणून त्या लेकीला, प्रीतीला, घेऊन नेट कॅफेत गेल्या. दारात चपला काढल्या.

"सगळा कायदा हितं हाय," प्रीती म्हणाली. "कुणीबी वाचावा, फुकट."

"फुकट? मग खरा नसंल."

कायद्याची किल्ली वकिलाच्या काळ्या कोटात असते, अशी त्यांची समजूत. प्रीती इंग्रजी वाचून मराठीत सांगत गेली, बाई उतरवत गेल्या. वारसा कायद्याच्या सहाव्या कलमात मुलीचा वाटा मुलाइतकाच निघाला. घरी आल्यावर त्या पानाला त्यांनी हळदीकुंकू लावलं.

गुरुवारी सकाळपासून "सही देत न्हाय" एवढंच वाक्य त्या देवापुढं घोकत होत्या. भाऊ समोर बसला आणि तोंडातून निघालं, "चहा घेणार न्हवं?" घाबरून त्यांनी वहीच उघडली. वाचायचं म्हटलं की बाईंना एकच चाल येते, पोथीची. हंबीररावांनी टोपी सारखी करून हात जोडले. 'मुलगीही मुलाप्रमाणेच जन्मापासून वाटेकरी' इथवर त्यांची मान डोलली, मग थांबली.

"हे कुठलं पुराण गं, झुंबर?"

"कायदा हाय, दादा. सहावं कलम."

"आन् सही?"

"पारायण मोडून सही कशी करू? अजून वीस-पंचवीस कलमं ऱ्हायल्यात. रोज एक."

हंबीरराव देवभोळे. कागद खिशात घालून, चहा पिऊन गेले.

"आई, तुझ्या कामाचं कलम एकच हाय की," प्रीती म्हणाली.

"ते मला ठाऊक हाय. दादाला न्हाय."

दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा नेट कॅफेच्या दारात चपला काढत होत्या. पारायण बोलून बसल्या होत्या. मोडायची छाती नव्हती.

समाप्तीला हंबीरराव नारळ घेऊन आले. कागद आणला नव्हता.